काठी कोणत्या हातात

दिल्ली दरवाजाच्या आत, डाव्या अंगाला एक दगडी ओटा होता. त्याच्या शेजारी कमरोद्दीन जमादार रोज सकाळी येऊन उभा राहायचा. ओट्यावर बसायचा नाही. बसल्या जागेवरून केलेल्या सलामाला काही अर्थ नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, टोपी नीट बसवलेली. ओळखीचा माणूस दिसला की तो कमरेतून जरासा वाकायचा आणि उजवा हात कपाळापर्यंत न्यायचा. उत्तराला कोणी हात उचलायचं, कोणी नुसती मान हलवायचं. मग तो सरळ व्हायचा आणि पुढच्या माणसाची वाट बघायचा.

काम म्हणाल तर काही नाही. ही गोष्ट फसली तेराशे पंचेचाळीसच्या सुमाराची, म्हणजे इंग्रजी हिशेबानं छत्तीस सालातली. तोवर त्याची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती. अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे निजामाच्या कलेक्टरांच्या, दालनाच्या दारावर त्यानं उभा जन्म काढला, आणि उभा म्हणजे खरोखरच उभा. साहेब आले की चिकाचा पडदा उचलायचा, सलाम करायचा, पडदा सोडायचा. आत काय चाललंय ते बाहेर सांगायचं नाही आणि बाहेर कोण आलंय ते साहेबांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. अशा दारावर माणूस इतकी वर्षं राहिला की त्याला सलाम उत्तम येतो आणि बोलणं येत नाही. कोणाला आपणहून काही विचारायचं असतं, हेच त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. जमादार म्हटलं की भागायचं. बायको फहमिदाबी त्याला ‘अजी’ म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत तिच्याकडं नव्हती. थोरला भाऊ तेवढा ‘कमरू’ म्हणून हाक मारायचा, तो प्लेगात गेला. मग फहमिदाबीही गेली. एकुलती एक मुलगी रईसा फुलंब्रीला दिलेली, तिचा संसार, तिची शेती. घरात राहिला जमादार आणि कोनाड्यात बंद करून ठेवलेलं फहमिदाबीचं पानदान. तेव्हापासून तो दरवाजाशी उभा राहायला लागला. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याची जुनी खोड. मला नंतर रईसानं सांगितलं तेव्हा कळलं. घरात दिवसभर त्याच्याकडं बघून कोणाची मानसुद्धा हलत नव्हती. दरवाजाशी निदान तेवढं तरी मिळायचं.

दुखणं आलं ते डाव्या गुडघ्यात. तसे दोन्ही कुरकुरत होते, पण दारावर उभं असताना भार डाव्या पायावर टाकायची त्याची सवय, तेव्हा डाव्यानं आधी दगा दिला. सकाळी उठल्यावर गुडघा लाकडासारखा. थोडं घरात फिरलं की सैल व्हायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा सुजायचा. पायरी उतरताना आतून करकर ऐकू यायची. हकिमांनी वात सांगितला आणि वांगी, हरभऱ्याची डाळ बंद केली. कोणी रुईची पानं गरम करून बांधायला सांगितली, ती बांधली. एकानं तापल्या सळईचा डाग घ्यायला सांगितलं, तेवढं मात्र त्यानं ऐकलं नाही.

मग त्यानं काठी घेतली. दुखरा पाय डावा, म्हणून काठी डाव्या हातात. बघणाऱ्यालाही ते बरोबरच वाटत होतं. शिवाय उजवा हात सलामाला मोकळा राहत होता. ही सोय त्याच्या मनात आधी आली की गुडघा, हे विचारायची गरजच नाही.

त्या काठीनं चाल आणखीच बिघडली. तो डावीकडं कलून पाय ओढत चालायला लागला. रईसाला कोणीतरी सांगावा धाडला आणि ती टांगा घेऊन आली.

“अब्बा, हौर कित्ते दिन खडे रहते तुम वहां?” ती म्हणाली. “चलो मेरे साथ.”

तिनं त्याला फुलंब्रीला नेलं. ओसरीत खाट टाकली. पाण्याचा बधना हाताशी, जेवण हाताशी, उठायचं काम नाही. सून-नातवंडांना ताकीद दिली की नानांना खाटेवरून उतरू द्यायचं नाही. बापावर मुलीचा जीव होता आणि जीव असलेला माणूस आजाऱ्याला आधी झोपवतो. पावसाळ्याचे शेवटचे दिवस ते कापूस फुटेपर्यंत कमरोद्दीन त्या खाटेवर होता. दिवसा सगळे शेतात जायचे. ओसरीसमोर नुसतं अंगण, त्यात कोंबड्या. सलाम करावा असं समोरून कोणी जायचंच नाही. आणि इतका आराम करून गुडघा सुधारायच्या ऐवजी असा आखडला की त्याला न्हाणीपर्यंत दोघांनी धरून न्यायची वेळ आली.

शेवटी रईसाच त्याला शहागंजात नानासाहेब डॉक्टरांकडं घेऊन आली. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले, बोलायला फटकळ, पण हात हलका. त्यांनी कमरोद्दीनला बाकड्यावर निजवलं, गुडघ्यावर तळवा ठेवून पाय दुमडला, सरळ केला. मग दोन्ही मांड्या चाचपून बघितल्या. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली होती.

“हाडावर हाड घासू नये म्हणून सांध्यात गुळगुळीत अस्तर असतं,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं झिजलंय. ते मला परत लावून देता यायचं नाही, कोणालाच यायचं नाही. दुखणं कमीजास्त होत जन्मभर राहील. पण गुडघ्याला सावरून धरते ती ही मांडी. खाटेवर पडून पडून ती वाळवलीत तुम्ही.”

“खाटेवर मीच ठेवलं त्यांना,” रईसा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सगळेच ठेवतात, बाई. आता उठवा म्हणजे झालं.”

मग त्यांनी करून दाखवलं. उताणं झोपायचं, पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायचा, थोडा वेळ अधांतरी धरायचा आणि हळूच खाली ठेवायचा. कमरोद्दीननं विचार करून ठरवलं की मनात कलमा म्हणून होईपर्यंत धरायचा. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. नमाज स्टुलावर बसून पढायची. मौलवीसाहेब त्याला हरकत घेणार नाहीत, घेतली तर माझ्याकडं पाठवा, असं डॉक्टर म्हणाले. तापवलेल्या रेतीच्या पुरचुंडीनं शेकायचं. आणि एका जागी तासन्‌तास उभं राहणं बंद. थोडं चालायचं, टेकायचं, पुन्हा चालायचं.

“आणि ही काठी उजव्या हातात घ्या,” डॉक्टर म्हणाले. “डावा पाय पुढं पडतो तेव्हा उजव्या हातातली काठी त्याच्याबरोबर पडली पाहिजे. म्हणजे तुमचं ओझं दोघांत वाटलं जातं. दुखऱ्या अंगालाच काठी धरली की तुम्ही त्याच अंगावर कलता आणि सगळं त्या गुडघ्याला सोसावं लागतं.”

कमरोद्दीननं काठी उजव्या हातात घेऊन बघितली. “हुजूर, काठी उजव्या हातात घेतली तर सलाम कसा करू?”

डॉक्टर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाही.

“करू नका सलाम. कोण फासावर देतंय?”

त्यांना ते सोपं होतं. डाव्या हातानं सलाम म्हणजे समोरच्याचा अपमान, आणि सलामच नाही म्हणजे कमरोद्दीनकडं दुसरं उरतं काय, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार.

फुलंब्रीला परत जायला मात्र त्यानं साफ नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मुलीपुढं हट्टाला पेटला. रईसानं शेवटी अट घातली. रमजान ईद होईपर्यंत त्यानं इथं राहावं. ईदनंतर ती येईल. तोवर तो आपल्या पायानं चालत असला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून त्याला कायमचं नेईल. कमरोद्दीनला ती ओसरी आठवली, त्या कोंबड्या आठवल्या, आणि तो ‘हां’ म्हणाला. काठी उजव्या हातात घ्यायचं मात्र त्यानं कबूल केलं नाही.

बाकी सगळं त्यानं इमानानं केलं. सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा, शेक घ्यायचा. गवंड्याला बोलावून घरातली चूल उंच ओट्यावर चढवून घेतली, म्हणजे उभ्यानं भाकरी भाजता येईल. काठीचा प्रश्न त्यानं आपल्या परीनं सोडवला. चालताना काठी उजव्या हातात धरायची, ओळखीचं माणूस दिसलं की थांबून ती डाव्या हातात घ्यायची, सलाम करायचा आणि परत उजवीकडं घ्यायची. घरात त्याची तालीमही केली म्हणे. पण रस्त्यावरची माणसं तालमीसारखी थांबत नाहीत. काठी इकडून तिकडं जाईपर्यंत साहेब लोक पुढं निघून गेलेले असायचे आणि सलाम त्यांच्या पाठीला पडायचा. ते त्याला फार लागायचं. मग तो निमूटपणे काठी पुन्हा डाव्या हातात घेऊन दरवाजाशी उभा राहायला लागला, तासन्‌तास, आणि गुडघा पुन्हा फुगला. ईद जवळ येत होती.

एका सकाळी तात्यासाहेब वकिलांचा टांगा दरवाजातून आत आला. कमरोद्दीन त्या वेळी ओट्याकडं चालत येत होता, म्हणून काठी उजवीकडं होती. त्यानं घाईघाईनं काठी बदलली, वाकला, डाव्या पायावर नको तेवढा भार गेला आणि गुडघ्यानं साथ सोडली. टोपी एकीकडं आणि तो एकीकडं. टांगा थांबला नाही. वकीलसाहेब बाजूला बघतच नव्हते, तेव्हा त्यांना दोष तरी काय द्यायचा. पण ती जागा येताच त्यांची मान मात्र सवयीनं हलली. खाली पडल्या पडल्या कमरोद्दीननं ते बघितलं. ज्याला तो इतकी वर्षं उत्तर समजत होता, ते उत्तर त्या ओट्यालाही मिळालं असतं.

त्याच टांग्यामागून सरूबाई येत होती. सरूबाई हर्सूलची माळीण. रोज सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन याच दरवाजातून शहागंजच्या मंडीला जायची. दोन्ही हात पाटीला. जाता जाता “बरं हाय का, जमादार?” एवढं म्हणायची आणि उत्तराला न थांबता पुढं व्हायची. कमरोद्दीननं त्याला कधी ओळख धरलंच नव्हतं. हात उचलला जात नाही ती कसली ओळख? तिला उत्तर म्हणून तो फक्त खाकरायचा.

तिनं त्याला पडलेला बघितलं आणि पाटी खाली उतरवली. ओझं वाहणारी बाई वाटेत पाटी कधी उतरवत नाही. उतरवणं एकटीला जमतं, पण पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं आणि ते मिळेपर्यंत बाजार हातचा जातो. तरी तिनं उतरवली. मेथीच्या दोन जुड्या धुळीत पडल्या. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला ओट्यावर बसवलं, टोपी झटकून त्याच्या मांडीवर ठेवली.

“लई लागलं का?”

कमरोद्दीन सवयीनं नुसता खाकरला.

“बोला की वो. दुखतंय का नाय?”

“दुखतंय,” तो म्हणाला. डॉक्टर सोडले तर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. ‘दुखतंय’ म्हटल्यावर त्याला एकदम रडायला येईल असं वाटलं. त्यानं टोपी घालून घेतली.

सरूबाई मान चोळत उभी राहिली. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

“आता तुम्हालाच हात लावावा लागंल. पाटी चढवायला मानूस नाय.”

त्यानं काठी भिंतीला टेकवली, एक खांदा दगडाला लावला आणि दोन्ही हातांनी पाटीचा काठ उचलून दिला. पाटी डोक्यावर बसली तशी ती तरातरा मंडीकडं निघून गेली. कमरोद्दीननं शेरवानीवरची धूळ झटकली. मग त्यानं काठी घेतली ती उजव्या हातात घेतली आणि पुन्हा बदलली नाही.

नंतर रईसाला त्यानं एवढंच सांगितलं, “जिनके हाथ खाली थे, उनो चले गए.”

दुसऱ्या दिवसापासून तो उभा राहिनासा झाला. दरवाजापर्यंत चालत यायचा, ओट्यावर टेकायचा, उठून बाहेर वडापर्यंत जायचा, तिथं टेकायचा, परत फिरायचा. काठी आणि डावा पाय बरोबर. गुडघ्याला हळूहळू ते मानवायला लागलं. सूज उतरली. करकर होतीच, ती जाणार नव्हती, पण पाय भार घ्यायला लागला.

आणि रस्ता मुका झाला. याच्या हातात काठी, त्यामुळं सलाम नाही. याचा सलाम नाही, त्यामुळं कोणाची मान हलत नाही. मुन्शी गेले, वकील गेले, मदरशाचे मास्तर गेले, रोजचे सगळे गेले. कोणी आपणहून एक शब्द बोललं नाही. इतक्या वर्षांत एकाही माणसानं सुरुवात केली नव्हती. सुरुवात कायम यानं केली होती. हे त्याला ओट्यावर बसून एकेका माणसागणिक कळत गेलं. आमच्या गल्लीत उलट बोलणं निघालं की जमादार हल्ली ओळख देत नाही, पेन्शनीचा माज आला. ओळख द्यायचं काम जणू सरकारनं एकट्या जमादाराच्या पदरात टाकलं होतं.

ईद झाली. रईसा यायची होती त्या दिवशी कमरोद्दीन शेरवानी घालून दरवाजाबाहेर निघाला आणि वडाच्याही पुढं, हर्सूलच्या वाटेवर चालत गेला. टांग्यातून रईसानं लांबून येणारा माणूस बघितला आणि तिला क्षणभर बाप ओळखू आला नाही, इतका तो सरळ चालत होता. ती टांग्यातून उतरून त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आली. दुपारी दोघांनी शीरखुर्मा खाल्ला. तिनं घर झाडलं, पानदान पुसून पुन्हा कोनाड्यात ठेवलं. अट पाळली गेली होती, तेव्हा न्यायचं काही कारण उरलं नव्हतं. संध्याकाळच्या आत ती एकटी परत गेली.

कमरोद्दीननं दार लावलं आणि स्टुलावर बसला. जे हवं होतं ते मिळालं होतं. घर आपलं, पाय आपले. मग त्याला कळेना की या पायांनी आता जायचं कुठं. गुडघा दुखत होता तोवर निदान त्याच्या सोबतीला गुडघा होता. त्या संध्याकाळी त्याला जेवढं एकटं वाटलं तेवढं फहमिदाबी गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसानंतरही वाटलं नव्हतं. त्यानं भाकरी केली आणि ती तशीच झाकून ठेवली.

सकाळी तो ओट्यावर होता. सरूबाई आली.

“बरं हाय का, जमादार? चाल सुधारली तुमची.”

कमरोद्दीन खाकरायला गेला आणि त्याऐवजी त्यानं विचारलं, “बरं आहे. तुमची मान कशी आहे?”

पण तोवर ती पुढं गेली होती. डोक्यावर भरलेली पाटी असली की मागं वळून बघता येत नाही. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कोणाला काही विचारलं आणि ते दरवाजाच्या कमानीतच राहिलं. आता ओट्यावर बसून उद्याची वाट बघता आली असती. वाट बघणं हे त्याचं जन्माचं काम होतं. पण तो उठला आणि तिच्या मागं निघाला.

ती कधीच दिसेनाशी झाली होती. त्यानं घाई केली नाही. काठी आणि डावा पाय, मग उजवा. मशिदीच्या पायऱ्यांशी टेकला. पुढं एका बंद दुकानाच्या फळीवर टेकला. शहागंजचा घड्याळाचा मनोरा दिसायला लागला तेव्हा गुडघा भरून आला होता, म्हणून तिथंही थोडा थांबला. मंडीत पोचला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सरूबाई गोणपाटावर मेथी, शेपू, कांद्याची पात मांडून बसली होती.

“काय देऊ, जमादार? मेथी लई कवळी हाय.”

“काही नको.”

“मंग?”

“तुमची मान कशी आहे, ते विचारायला आलो.”

सरूबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग काठीकडं, मग गुडघ्याकडं.

“एवढं इचारायला दरवाजापासून चालत आलाव व्हय?” ती म्हणाली. “मान हाय तशीच हाय. रातीला ठनकती. सांगायचं कुनाला, घरात कोन हाय.”

असं म्हणून तिनं शेजारच्या कांदेवाल्याचं लाकडी खोकं ओढून घेतलं आणि आपल्याजवळ उभं करून ठेवलं, कारण त्याला खाली बसता येणार नाही हे तिला दिसत होतं. कमरोद्दीन बसला. भर बाजारात, येणारीजाणारी माणसं उभी असताना तो बसला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

“तुमचं नाव काय वो? इतकी वरसं निस्तं जमादार, जमादार म्हनत आले.”

त्याला वेळ लागला. नाव आठवत नव्हतं असं नाही, पण तोंडात यायला वेळ लागला.

“कमरोद्दीन.”

दोन बायका समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि ती त्यांच्याकडं बघत होती.

“कमरूभाई,” ती म्हणाली, “जरा पलीकडं सरका. तुमच्या काठीआड मेथी दिसंना गेली.”